अल्पप्रकाशातील रंगमंचीय छायाचित्रण : मोठ्या अ‍ॅपर्चरच्या प्राइम लेन्सचे स्थान व मर्यादा

गोषवारा

नाट्यगृहातील, सभागृहातील किंवा बैठकीतील कलाविष्काराचे छायाचित्रण हे अल्पप्रकाशातील छायाचित्रण असते. अशा वेळी फ्लॅशचा वापर केल्यास प्रकाशयोजना पुसली जाते, कलावंताची एकाग्रता भंगते आणि प्रेक्षकांनाही व्यत्यय येतो. प्रस्तुत लेखात मोठ्या अ‍ॅपर्चरच्या, स्थिर नाभीय अंतराच्या लेन्सचे म्हणजे प्राइम लेन्सचे तत्त्व, तिच्या वापरामागील गणित, तिच्यामुळे येणारी बंधने आणि महाविद्यालयीन सांस्कृतिक उपक्रमांच्या नोंदीसाठी तिची उपयुक्तता यांचे विवेचन केले आहे. ही लेन्स प्रयोगाला हात न लावता त्याची नोंद घेऊ देते. परंतु त्या मोबदल्यात ती छायाचित्रकाराकडून प्रयोगाच्या ज्ञानाची अपेक्षा करते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : प्राइम लेन्स, अ‍ॅपर्चर, एफ-क्रमांक, स्पष्टतेची खोली, प्रकाशयोजना, दस्तऐवजीकरण.

प्रास्ताविक

रंगमंचीय कला या क्षणजीवी कला आहेत. चित्र किंवा शिल्प निर्मितीनंतर टिकून राहते. नाटक, नृत्य किंवा मैफल मात्र सादर होत असतानाच संपत जाते. व्यावसायिक नाटकाचे शेकडो प्रयोग होतात, त्यांच्याविषयी लिहिले जाते, संहिता छापली जाते. महाविद्यालयीन एकांकिकेच्या वाट्याला हे भाग्य क्वचित येते. पुण्यात १९६३ साली सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेसाठी किंवा विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी विद्यार्थी दोन-दोन महिने तालीम करतात. त्यानंतर दोन-चार प्रयोग होतात. मग नेपथ्य मोडले जाते, विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि मागे उरतात ती थोडीशी छायाचित्रे.

ही छायाचित्रे वार्षिक नियतकालिकात छापली जातात, सांस्कृतिक विभागाच्या अहवालात लावली जातात आणि नॅकच्या स्वयंमूल्यांकन अहवालाला पुरावा म्हणून जोडली जातात. तथापि, ती पाहताना पुष्कळदा एक विसंगती जाणवते. प्रत्यक्ष प्रयोगात जो प्रसंग एका कोपऱ्यातील पिवळसर झोतात घडला होता, तो छायाचित्रात पांढऱ्याफटक चेहऱ्यांचा आणि काळ्या पार्श्वभूमीचा दिसतो. अथवा फ्लॅश वापरला नसेल तर चेहऱ्याच्या जागी एक पुसट पट्टा उरतो. कार्यक्रम झाला एवढे अशा छायाचित्रावरून सिद्ध होते. तो कसा झाला हे कळत नाही. ज्या दस्तऐवजावरून प्रयोगाचे स्वरूपच समजत नाही, त्याचे दस्तऐवज म्हणून मोल अल्प ठरते. या अडचणीचे मूळ पुष्कळ अंशी लेन्सच्या निवडीत आहे आणि तिचा उपायही बऱ्याच प्रमाणात तेथेच आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. रंगमंचीय छायाचित्रणात फ्लॅश अनुपयुक्त का ठरतो, हे स्पष्ट करणे.
२. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या प्राइम लेन्सचे तत्त्व सोप्या गणिताच्या आधारे मांडणे.
३. नाटक, नृत्य व संगीत यांच्या छायाचित्रणात तिचा वापर कसा करावा, याचे विवेचन करणे.
४. या लेन्सच्या मर्यादा व तिला असलेले पर्याय यांचा विचार करणे.

फ्लॅश आणि रंगमंचावरील प्रकाश

रंगमंचावरील प्रकाश वस्तू दिसाव्यात एवढ्याचपुरता नसतो. प्रेक्षकाने कोठे पाहावे, कोणता चेहरा अर्धवट अंधारात राहावा, वेळ पहाटेची की तिन्हीसांजेची, हे प्रकाशयोजनाकार ठरवत असतो. विंगेतून येणारा आडवा झोत नर्तकाच्या देहाला गोलाई देतो. वरून पडणारा एकाकी स्पॉट पात्राचे एकटेपण सांगतो. कॅमेऱ्यावरील फ्लॅश समोरून, सपाट आणि एकाच वेळी सर्वत्र पडतो. त्याच्या तीव्रतेपुढे प्रकाशयोजनाकाराचे सर्व काम क्षणात नाहीसे होते. म्हणजेच फ्लॅशने घेतलेले छायाचित्र रंगमंचावर कधीच न घडलेल्या दृश्याचे असते.

फ्लॅशची दुसरी मर्यादा भौतिकशास्त्रीय आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. २ मीटरवर जेवढा प्रकाश पोचतो, त्याचा शंभरावा भाग २० मीटरवर पोचतो. कॅमेऱ्यात अंगभूत असलेल्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला साधारणतः १२ मीटर असतो. एफ/५.६ हे अ‍ॅपर्चर व आयएसओ १६०० असताना अशा फ्लॅशचा पल्ला सुमारे ८.५ मीटर भरतो. सभागृहाच्या मध्यावर, रंगमंचापासून १५ मीटरवर बसलेल्या छायाचित्रकाराचा फ्लॅश कलावंतापर्यंत पुरेसा पोचतच नाही. तो पुढच्या रांगांतील प्रेक्षकांची डोकी मात्र उजळवतो.

तिसरी बाब कलावंताची आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अकस्मात झोत आला की काही क्षण दृष्टी मंदावते. मंचावरील पायऱ्या, उंचवटे आणि सहकलावंतांच्या जागा यांचा अंदाज घेत हालचाल करणाऱ्या नटाच्या किंवा गिरकी घेणाऱ्या नर्तिकेच्या दृष्टीने हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. या कारणांमुळे रंगमंचावर आधीच असलेल्या प्रकाशातच काम करणे, हे रंगमंचीय छायाचित्रणाचे पहिले तत्त्व मानले जाते.

एफ-क्रमांकाचे गणित

उपलब्ध प्रकाशात काम करायचे म्हटले की लेन्स किती प्रकाश आत घेते, हा प्रश्न निर्णायक ठरतो. लेन्सचे नाभीय अंतर भागिले तिच्या प्रवेशछिद्राचा व्यास म्हणजे एफ-क्रमांक होय. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सचा एफ-क्रमांक १.८ असेल तर छिद्राचा व्यास सुमारे २७.८ मिलिमीटर असतो. तोच क्रमांक ५.६ असेल तर व्यास सुमारे ८.९ मिलिमीटर होतो. आत येणारा प्रकाश व्यासावर नव्हे तर क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. त्यामुळे एफ/१.८ ला एफ/५.६ च्या सुमारे ९.७ पट प्रकाश मिळतो. क्रमांक लहान तेवढे छिद्र मोठे, हे नवशिक्याला उलटे वाटणारे सूत्र या भागाकारातून सहज उलगडते.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स प्रायः एफ/३.५ ते एफ/५.६ या क्षमतेची असते. झूम लांबवली की ती एफ/५.६ वर येते. याउलट ३५, ५० किंवा ८५ मिलिमीटर अशा एकाच नाभीय अंतराची लेन्स एफ/१.८ किंवा एफ/१.४ इतकी उघडू शकते. एकच नाभीय अंतर सांभाळायचे असल्याने तिची रचना तुलनेने साधी, वजन कमी आणि किंमत आटोक्यातील असते. ५० मिलिमीटर एफ/१.८ गटातील अनेक लेन्सचे वजन २०० ग्रॅमपेक्षा कमी असते. व्यावसायिक वापरातील ७०-२०० मिलिमीटर एफ/२.८ झूम मात्र बहुधा सव्वा ते दीड किलोच्या घरात जाते. मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे कमी वेळात पुरेसा प्रकाश मिळतो, म्हणून छायाचित्रकारांच्या परिभाषेत अशा लेन्सला ‘फास्ट’ म्हणजे जलद लेन्स म्हटले जाते.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

फ्लॅशविना अंतर्गृहात छायाचित्र घेण्याची आकांक्षा जुनी आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील एर्नेमान कंपनीने १९२४ साली एर्मानॉक्स हा लहान कॅमेरा बाजारात आणला. त्यातील एर्नोस्टार ही एफ/२ क्षमतेची लेन्स लुडविग बेर्टेले यांनी सिद्ध केली होती. मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून अंतर्गृहातील छायाचित्रे घेण्याच्या त्या काळात ही मोठी झेप होती. कायद्याचे शिक्षण घेतलेले एरिक सालोमन यांनी १९२८ पासून याच कॅमेऱ्याने न्यायालयातील व आंतरराष्ट्रीय परिषदांतील छायाचित्रे टिपली. काचेच्या प्लेटवर एका वेळी एकच छायाचित्र घेता येत असे. माणसे आपल्या नादात असताना ती जशी दिसतात तशी टिपण्याची वाट या लेन्समुळे मोकळी झाली. ज्यू असल्यामुळे सालोमन यांचा १९४४ साली आउशविट्झच्या छळछावणीत अंत झाला. त्यांच्या कामाने मात्र वृत्तछायाचित्रणाची दिशा बदलली.

चित्रपटाच्या क्षेत्रातील उदाहरण स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९७५ सालच्या ‘बॅरी लिंडन’चे देता येईल. त्यातील मेणबत्तीच्या उजेडातील दृश्ये मेणबत्त्यांच्याच प्रकाशात चित्रित करण्यासाठी नासाकरिता तयार झालेली झाइस कंपनीची ५० मिलिमीटर एफ/०.७ लेन्स वापरली गेली. परंतु फोकसची खोली इतकी अल्प होती की नटांना आपल्या हालचाली अगदी मर्यादित ठेवाव्या लागल्या. मोठे अ‍ॅपर्चर जे देते त्याची किंमतही वसूल करते, याचा हा बोलका दाखला होय. चित्रपटात नटाला स्थिर राहण्यास सांगता येते; चालू प्रयोगात तसे सांगता येत नाही. म्हणून रंगमंचीय छायाचित्रणात ही किंमत छायाचित्रकारालाच मोजावी लागते.

शटर, आयएसओ आणि हालचाल

छायाचित्राचे उद्भासन अ‍ॅपर्चर, शटरचा वेळ आणि आयएसओ या तीन राशींवर ठरते. मंद प्रकाशाच्या एखाद्या प्रसंगात आयएसओ १६०० आणि एफ/२ असताना १/१२५ सेकंद पुरेसा आहे, असे मानू. तोच प्रसंग एफ/५.६ वर टिपायचा तर आठपट वेळ, म्हणजे सुमारे १/१५ सेकंद लागेल. एका सेकंदात १ मीटर सरकणारा हात १/१५ सेकंदात सुमारे ६.७ सेंटिमीटर सरकतो. १/१२५ सेकंदात तो केवळ ८ मिलिमीटर सरकतो. पहिल्या छायाचित्रात हाताचा धूर होतो, दुसऱ्यात हात हातासारखा दिसतो. कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील कंपरोधक यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा थरकाप सावरते. कलावंताची हालचाल ती थांबवू शकत नाही. हा भेद लक्षात न घेतल्याने पुष्कळदा निराशा पदरी पडते.

शटरचा वेळ कलाप्रकारानुसार बदलतो. स्थिर बसून आलाप घेणाऱ्या गायकासाठी १/६० सेकंद चालू शकतो. तानेबरोबर हात फिरू लागला की १/१२५ हवा. नाटकातील सामान्य हालचालींना १/१२५ ते १/२०० पुरतो. लावणीतील गिरकी, कथकमधील चक्कर किंवा लोकनृत्यातील उडी यांसाठी १/२५० ते १/५०० पर्यंत जावे लागते. येथे एक सवलत नृत्य स्वतःच देते. उडीच्या सर्वोच्च बिंदूवर देह क्षणभर थबकतो. चक्करांची मालिका समेवर येऊन थांबते. ताल जाणणारा छायाचित्रकार या विरामाचा अंदाज आधी बांधतो आणि तुलनेने मंद शटरवरही रेखीव छायाचित्र मिळवतो. याच कारणास्तव संगीत-नृत्याच्या छायाचित्रणात तालाचे ज्ञान हा उपकरणाइतकाच महत्त्वाचा घटक आहे.

स्पष्टतेची खोली : लाभ आणि किंमत

ज्या अंतरावर फोकस साधला आहे त्याच्या पुढे-मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे स्पष्टतेची खोली म्हणतात. अ‍ॅपर्चर मोठे, नाभीय अंतर जास्त आणि विषय जवळ, तेवढी ही खोली कमी. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर ५० मिलिमीटर लेन्सने ५ मीटरवर फोकस साधला असता एफ/५.६ ला ही खोली सुमारे २.२ मीटर, एफ/२.८ ला सुमारे १.१ मीटर आणि एफ/१.८ ला सुमारे ०.७ मीटर भरते. ८५ मिलिमीटर लेन्स एफ/१.८ वर त्याच अंतरावरून वापरली तर खोली अवघी २४ सेंटिमीटर उरते. नटाने संवाद म्हणत अर्धे पाऊल पुढे टाकले की चेहरा या पट्ट्याच्या बाहेर जातो.

या अल्प खोलीचा लाभही आहे. मागील पडद्याच्या चुण्या, ध्वनिक्षेपकाच्या तारा, मंचावरील प्रायोजकांचा फलक हे सर्व पुसट होऊन कलावंत पार्श्वभूमीपासून वेगळा उठून दिसतो. मात्र पुसट होणारी गोष्ट नेहमीच अनावश्यक असते असे नाही. ख्यालगायनाच्या मैफलीत गायकाच्या मागे तानपुऱ्याच्या साथीला शिष्य बसलेला असतो. गुरूची जागा ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर उमटणारी दाद हा त्या मैफलीचा भाग असतो. ५ मीटरवरून, ५० मिलिमीटर लेन्सने, एफ/१.८ वर गायकाच्या डोळ्यांवर फोकस साधला तर मागील स्पष्ट पट्टा जेमतेम ३७ सेंटिमीटर असतो. शिष्य विरघळून जातो. एफ/४ केल्यास हा पट्टा सुमारे ९० सेंटिमीटर होतो आणि शिष्याचा चेहराही ओळखू येण्याइतका राहतो. गायक स्थिर बसलेला असल्याने शटर १/६० पर्यंत खाली आणून, आयएसओ ३२०० करून हे साधता येते. म्हणून लेन्स एफ/१.८ ची आहे यास्तव ती सदैव एफ/१.८ वरच वापरावी, हा समज चुकीचा होय. मोठे अ‍ॅपर्चर ही उपलब्ध असलेली मुभा आहे, सक्ती नव्हे. शिवाय पूर्ण उघड्या अवस्थेत बऱ्याच लेन्सची कडांकडील रेखीवता कमी असते, एफ/२.२ किंवा एफ/२.५ पर्यंत छिद्र थोडे लहान करताच ती सुधारते.

समूहदृश्यात छायाचित्रकाराची जागा निर्णायक ठरते. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात कलावंतांची सलग रांग मानवी पडद्याप्रमाणे उभी राहते, हलते, दुभंगते. अशी रांग सभागृहातून, मधोमध उभे राहून, १० मीटरवरून ३५ मिलिमीटर लेन्सने टिपल्यास एफ/१.८ वरही सर्व चेहरे स्पष्ट येतात. कारण या अंतरावर स्पष्टतेची खोली सुमारे ६ मीटर असते. तीच रांग विंगेतून, ३ मीटरवरच्या कलावंतावर फोकस साधून, ५० मिलिमीटर लेन्सने टिपली तर खोली २५ सेंटिमीटर उरते आणि रांगेतील एकच चेहरा स्पष्ट राहतो. दोन्ही छायाचित्रे यथार्थ आहेत. परंतु पहिले समूहाविषयी बोलते, दुसरे व्यक्तीविषयी. प्रसंगाचा आशय यांपैकी कोणता, हे ठरवण्यासाठी संहिता ठाऊक असावी लागते.

नाभीय अंतराची निवड आणि बसण्याची जागा

प्राइम लेन्स झूम होत नाही. त्यामुळे चौकट बदलायची तर छायाचित्रकाराने जागा बदलावी लागते आणि प्रयोग चालू असताना हे बहुधा शक्य नसते. यास्तव चौकटीचे गणित आधी मांडणे श्रेयस्कर ठरते. एपीएस-सी सेन्सरवर १० मीटर अंतरावरून ३५ मिलिमीटर लेन्सच्या चौकटीत सुमारे ६.७ मीटर रुंदी मावते; ५० मिलिमीटरमध्ये ४.७ मीटर आणि ८५ मिलिमीटरमध्ये सुमारे २.८ मीटर. १५ मीटरवरून ३५ मिलिमीटर लेन्स सुमारे १० मीटर रुंदीचा मंच पूर्ण दाखवते. याचा अर्थ असा की, संपूर्ण रंगचित्रासाठी ३५, दोन-तीन पात्रांच्या प्रसंगासाठी ५० आणि एकट्या कलावंतासाठी ८५ मिलिमीटर ही ढोबळ विभागणी होऊ शकते. एकच लेन्स घेणे शक्य असेल तर मध्यम आकाराच्या सभागृहात, चौथ्या-पाचव्या रांगेच्या कडेला बसून ५० मिलिमीटर लेन्सने बरेचसे काम भागते.

या मर्यादेवरील सर्वांत परिणामकारक उपाय रंगीत तालमीत सापडतो. त्या दिवशी प्रकाश, वेशभूषा व नेपथ्य सर्व प्रयोगासारखेच असते. प्रेक्षक मात्र नसतात. दिग्दर्शकाच्या अनुमतीने छायाचित्रकार विंगेत, मंचाच्या पायथ्याशी, सभागृहाच्या टोकाशी असा फिरू शकतो. शिवाय पात्र कोणत्या वाक्याला वळते, ब्लॅकआउट केव्हा होतो, अंतिम झोत कोठे पडतो, हे त्याला कळते. प्रयोगाच्या दिवशी मग तो त्या क्षणाची वाट पाहत तयार राहतो. झूम लेन्स छायाचित्रकाराला प्रसंगामागे धावण्याची सोय देते. प्राइम लेन्स त्याला प्रसंगाच्या आधी जाऊन बसायला शिकवते.

प्रकाशमापन आणि रंग

रंगमंचाची पार्श्वभूमी बहुधा काळी असते. कॅमेऱ्याचा स्वयंचलित प्रकाशमापक संपूर्ण चौकटीची सरासरी काढतो, काळोख उजळवू पाहतो आणि त्या भरात झोतातील चेहरा पांढरा करून टाकतो. यावर उपाय म्हणून चेहऱ्यापुरते मापन करणारी स्पॉट पद्धत वापरावी, अथवा मॅन्युअल पद्धतीने उद्भासन ठरवून ते प्रकाशाच्या बदलाबरोबर बदलत जावे. जळालेला उजळ भाग पुन्हा मिळवता येत नाही; किंचित गडद भाग रॉ स्वरूपातील फाइलमधून बराचसा उजळता येतो.

रंगाच्या बाबतीत कॅमेऱ्याचा स्वयंचलित रंगतोल हा वेगळाच धोका ठरतो. हॅलोजन दिव्यांचे रंगतापमान साधारणतः ३२०० केल्विन असते. प्रकाशयोजनाकाराने मुद्दाम योजलेला अंबर रंग कॅमेरा दोष समजून सुधारतो आणि तिन्हीसांजेचा प्रसंग दुपारचा होतो. रंगतोल ३२०० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवल्यास योजनेचा रंग बव्हंशी जपला जातो. अलीकडे बहुतेक सभागृहांत एलईडी दिवे आले आहेत. त्यांचा गडद निळा किंवा लाल प्रकाश सेन्सरच्या एकाच रंगवाहिनीत ओसंडतो आणि चेहऱ्याचा तपशील रंगाच्या डागात बुडतो. अशा वेळी तिन्ही रंगांचा स्वतंत्र आलेख पाहून उद्भासन कमी करावे लागते. भारतातील विद्युतपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. जलद शटरवर या लुकलुकीमुळे छायाचित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. तसे आढळल्यास १/१०० किंवा १/५० सेकंद हा वेळ वापरावा, अथवा कॅमेऱ्यातील लुकलुकरोधक सुविधा सुरू करावी. मंद केलेल्या काही एलईडी दिव्यांची लुकलुक याहून कितीतरी जलद असते, म्हणून प्रयोगापूर्वी चाचणी घेणे इष्ट.

शांतता आणि शिष्टाचार

फ्लॅश टाळला म्हणजे व्यत्यय टळला असे होत नाही. फोकस साधण्यासाठी कॅमेऱ्यातून पडणारा लाल वा नारिंगी साहाय्यक प्रकाश, मागील पडद्याची चकाकी आणि शटरचा आवाज हेही व्यत्ययच होत. पहिल्या दोन गोष्टी बंद करता येतात. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात शटरचा आवाज पूर्णपणे टाळता येत नाही; तेव्हा आवाजाला आवाजाचा आडोसा शोधावा लागतो. मैफलीत तबल्याची सम आणि श्रोत्यांची दाद, नाटकात हशा, टाळी किंवा पार्श्वसंगीत हे तो आडोसा पुरवतात. विलंबित आलापीत किंवा पात्राच्या मौनात शटर दाबू नये. आरसाविरहित कॅमेऱ्यात निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर असते. परंतु बहुसंख्य कॅमेऱ्यांत ते सेन्सर ओळीओळीने वाचत असल्याने एलईडी प्रकाशात पट्टे येण्याची आणि वेगवान हालचाल तिरपी दिसण्याची शक्यता वाढते. कलावंतांची व आयोजकांची पूर्वसंमती घेणे आणि प्रेक्षकाच्या दृष्टिरेषेत उभे न राहणे, हे सांगावे लागू नये एवढे प्राथमिक नियम आहेत.

मर्यादा आणि पर्याय

आजचे सेन्सर आयएसओ ६४०० वरही स्वीकारार्ह छायाचित्र देतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली छायाचित्रातील दाणेदारपणा बराच कमी करतात. मग मोठ्या अ‍ॅपर्चरची गरज उरली आहे काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्यात तथ्य आहे, एफ/२.८ झूम आणि उच्च आयएसओ यांच्या आधारे आज अनेक व्यावसायिक छायाचित्रकार उत्तम काम करतात. तथापि, दाणे पुसणारी प्रणाली सेन्सरपर्यंत न पोचलेला तपशील तर्काने भरते. दस्तऐवजाच्या दृष्टीने, मुळात अधिक प्रकाश घेऊन टिपलेला तपशील अधिक विश्वासार्ह असतो. एफ/१.८ ला एफ/२.८ पेक्षा सुमारे २.४ पट प्रकाश मिळतो, हे गणित सेन्सर सुधारला तरी बदलत नाही. मोबाइल कॅमेरे अंधारात अनेक छायाचित्रे एकत्र करून एक छायाचित्र तयार करतात. स्थिर दृश्यात ही पद्धत उपयोगी पडते, परंतु हलणाऱ्या कलावंताच्या बाबतीत ती अनेकदा अपुरी ठरते.

दुसऱ्या बाजूने, प्राइम लेन्समुळे काही प्रसंग निश्चितच हातचे जातात. ५० मिलिमीटर लेन्स लावलेली असताना मंचाच्या दोन टोकांना एकाच वेळी घडणारी क्रिया चौकटीत मावत नाही. अंधारात लेन्स बदलण्यात वेळ जातो. दोन विद्यार्थ्यांनी दोन कॅमेऱ्यांवर ३५ व ८५ मिलिमीटर लेन्स लावून दोन जागा वाटून घेणे, हा यावरचा व्यवहार्य मार्ग होय.

निष्कर्ष

१. रंगमंचावरील प्रकाश हा कलाकृतीचा घटक असल्याने, तो पुसणारे छायाचित्र त्या कलाकृतीचा प्रामाणिक दस्तऐवज ठरत नाही. फ्लॅशविना काम करणे ही शिष्टाचाराइतकीच सत्यतेची गरज आहे.

२. एफ/१.८ क्षमतेची प्राइम लेन्स सामान्य झूमच्या लांब टोकाच्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश घेते. मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयाला नवा कॅमेरा किंवा मोठा फ्लॅश घेण्याआधी, उपलब्ध कॅमेऱ्यासाठी अशी एक लेन्स घेणे अधिक लाभदायक ठरेल.

३. या लेन्सची अल्प स्पष्टता-खोली आणि अचल चौकट ही बंधने प्रयोगाच्या पूर्वज्ञानानेच ओलांडता येतात. म्हणून छायाचित्रकार विद्यार्थ्याला कार्यक्रमाच्या दिवशी बोलावण्याऐवजी तालमीपासून संघाचा घटक मानावे. प्रकाशयोजनाकार व छायाचित्रकार यांची भेट रंगीत तालमीपूर्वी घडवून आणावी.

४. छायाचित्रासोबत दिनांक, स्थळ, संहितेचे नाव, लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार आणि दृश्यातील कलावंत यांची नोंद ठेवावी. नोंदीविना उत्तम छायाचित्रही काही वर्षांनी निनावी होते.

महाविद्यालयीन रंगभूमीवर घडणारे बरेच काही कोणत्याही ग्रंथात नोंदले जात नाही. अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांनी रात्री जागून उभे केलेले अर्ध्या-पाऊण तासाचे विश्व पडदा पडताच संपते. पुढील पिढीच्या विद्यार्थ्याला ते विश्व ज्या उजेडात उभे राहिले होते त्याच उजेडात पाहता यावे, यासाठी लागणारे साधन तळहातावर मावणारे आहे. त्याच्या जोडीला लागणारी तालमीची सवय लावणे मात्र शिक्षकांच्या हाती आहे.